मदत हवी आहे: वाळवंटी वाणी किडे चरायला निघालेत की नुसती जागा बदलताहेत, हे कसं ओळखावं?

अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या सोनोरन वाळवंटातल्या ऑर्थोपोरस ऑर्नेटस या वाणी किड्याच्या नोंदी घेतोय. उन्हाळी पाऊस पडला की हे जमिनीखालून मोठ्या संख्येने वर येतात, सकाळी आणि उन्हं उतरल्यावर फिरतात, भर दुपारी झुडपाच्या सावलीत किंवा फांदीवर थांबतात. बरेच जण एकाच दिशेने जाताना दिसतात. घोळ तिथेच आहे.

आतापर्यंत 50 मीटर लांब, 2 मीटर रुंद पट्ट्यात दर अर्ध्या तासाला मोजणी केली. प्रत्येकाची दिशा होकायंत्रावर, शिवाय जमिनीचं तापमान. ओळखीसाठी पाठीच्या मधोमध रंगाचा ठिपका दिला (बाजूंना स्राव सोडणाऱ्या ग्रंथींची छिद्रं असतात, तिथे रंग नको), पण बिळात शिरताना तो खरवडला जातो आणि कात टाकल्यावर उरतच नाही. खाणं भिंगातून पाहायला जवळ गेलं की किडा वेटोळं करतो. एक दिवस डब्यात ठेवून विष्ठाही तपासली. तिच्यात सालीचे तंतू आणि माती दोन्ही निघतात, म्हणून नेमकं काय कुठे खाल्लं ते कळत नाही.

किडे मारायचे किंवा चिरायचे नाहीत, 24 तासांहून जास्त अडकवायचे नाहीत. हातमोजे वापरतोच, स्रावातल्या क्विनोन या रसायनाने कातडीवर डाग पडतात.

एकाच किड्याचा माग निदान 3 दिवस टिकेल अशी खूण कोणती? आणि तो साल कुरतडतोय की फांदीवर नुसता विसावलाय, हे त्याला न बिचकवता कसं नोंदवता?