गरम झाली की बंद पडते: इलेक्ट्रिक पंप बसवू की इलेक्ट्रॉनिक इग्निशन?

फावला_पाना

गाडी साधारण ४५ वर्षं जुनी. ४ सिलिंडर, एकच कार्बोरेटर, इंजिनावरचा मेकॅनिकल पेट्रोल पंप, पॉइंट-कंडेन्सरवाला डिस्ट्रिब्युटर (पॉइंट म्हणजे प्लगला जास्त व्होल्टेज देणाऱ्या कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क), निगेटिव्ह अर्थ (बॅटरीचा मायनस बॉडीला). थंड असताना चोक ओढून लगेच सुरू होते. २५-३० मिनिटं चालवली की आधी मिसिंग, मग बंद. सेल्फ कितीही मारा, पकडत नाही. बॉनेट उघडून अर्धा तास सोडली की काही झालंच नव्हतं अशी सुरू होते. टेंपरेचरचा काटा मध्यातच असतो. प्लग आणि पेट्रोल फिल्टर नवे आहेत.

ज्याला विचारावं तो ‘व्हेपर लॉक’ म्हणतो, म्हणजे पाइपमधल्या पेट्रोलची उष्णतेने वाफ होऊन पुरवठा अडणं. म्हणून टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवायचा आणि हात लागलाच आहे तर पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलही टाकायचं, असा विचार आहे. पंप किती प्रेशरचा घ्यावा आणि मॉड्यूलचं वायरिंग कसं करावं?

तेलकट_हात

दोन्ही एकदम करू नका. बरी झाली तर कशाने झाली ते कळणार नाही, आणि नाही झाली तर नव्या जोडण्यांच्या शंका वर येतील. आधी करंट जातोय की पेट्रोल, हे ठरवा. ते गाडी बंद पडल्यावर पहिल्या दोन-तीन मिनिटांतच कळतं. थंड झाल्यावर सगळं ठीकच दिसणार.

बंद पडल्या पडल्या इग्निशन बंद करा, एअर फिल्टरचं झाकण काढा आणि कार्बोरेटरच्या घशात बघत थ्रॉटल हाताने झटकन पूर्ण उघडा. ॲक्सिलरेटर पंपाच्या जेटमधून पेट्रोलची बारीक धार आली तर फ्लोट चेंबरमध्ये (कार्बोरेटरमधल्या छोट्या साठ्यात) पेट्रोल आहे, आणि व्हेपर लॉकचा विषय जवळजवळ संपला. धार नाही आली तर दोष पेट्रोलच्या बाजूला. घसा आधीच ओला, वास उग्र आणि प्लग काळे-ओले असतील तर प्रकार उलटा आहे: चेंबरमधलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये उतरलंय. तेव्हा ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा, पंप करायचा नाही, आणि सेल्फ मारायचा. लोक या दोन्हींना व्हेपर लॉकच म्हणतात, पण एकात पेट्रोल कमी पडतं आणि दुसऱ्यात जास्त होतं.

मग ठिणगी. झाकण परत लावा, पेट्रोलची वाफ तिथेच असते. एका प्लगची केबल काढून स्पार्क टेस्टरला लावा आणि टेस्टरची बॉडी कार्बोरेटरपासून लांब, इंजिनाच्या साफ धातूला जम्परने घट्ट अर्थ करा. हातात धरू नका. टेस्टरचा गॅप साधारण ६ मिमी ठेवा. नुसता प्लग अर्थला टेकवून बघणं फसवं असतं: ०.६ मिमी गॅप उघड्या हवेत दुबळी कॉइलसुद्धा पार करते, सिलिंडरमधल्या दाबाखाली त्याच गॅपला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. निळसर-पांढरी, चटचट आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळी-केशरी किंवा मधूनमधून येणारी असेल तर पेट्रोलचं सामान विकत घेऊ नका.

मल्टिमीटरने चार आकडे घेऊन इथे लिहा. पॉइंट बंद स्थितीत, म्हणजे एकमेकांना टेकलेले असताना, इग्निशन चालू करून: (१) बॅटरीचं व्होल्टेज, (२) कॉइल प्लस ते अर्थ, (३) कॉइल मायनस ते अर्थ. इग्निशन मिनिटभराच्या वर चालू ठेवू नका, कॉइल तापते. (४) कॉइल पूर्ण थंड असताना, दोन्ही वायरी काढून, प्लस-मायनसमधले ओम. आधी मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवून जो आकडा येतो तो वजा करा, नाहीतर १.५ चे १.८ दिसतील.

डबल_क्लच

फुकटातली तपासणी आधी. बंद पडल्यावर टाकीचं झाकण उघडा. ‘स्स्’ करून हवा आत गेली आणि गाडी सुरू झाली तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. टाकीत निर्वात तयार होतो आणि पंपाला ओढता येत नाही. लक्षणं अगदी तुम्ही लिहिली आहेत तशीच. टाकीतल्या गंजाचंही तेच: पिकअपच्या जाळीवर ओढीने चिकटतो आणि इंजिन थांबलं की खाली पडतो.

फ्लोट_लेव्हल

वरच्या दोघांशी सहमत, तरी पेट्रोलची बाजू सविस्तर लिहून ठेवतो, कारण पंपाचा प्रश्न विचारलाच आहे.

पेट्रोलमधले हलके घटक ३५-४० अंशांनाच उकळू लागतात. मेकॅनिकल पंप लांबून ओढतो, ओढीच्या बाजूला दाब आणखी कमी, म्हणून वाफ आधी तिथे होते. थोडं इथेनॉल मिसळलं की पेट्रोलचा वाफेचा दाब वाढतो, त्यामुळे जुन्या गाड्यांना हा त्रास जास्त जाणवतो. पाइपला कपड्याचे चिमटे लावण्याचा जुना तोडगा अजून फिरतो. त्याने चिमटे गरम होतात, बाकी काही नाही.

पाइप एक्झॉस्टजवळून जात असेल तर आधी तो हलवा. हलवता येत नसेल तर मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा, पण पत्रा आणि पाइप यांच्यात १० मिमी तरी मोकळी हवा हवी. पाइपला घट्ट गुंडाळलेला पत्रा उष्णता आत नेतो. कार्बोरेटरखाली ६ ते १० मिमीचा बेकलाइट स्पेसर टाकता येतो: वर-खाली दोन गॅस्केट, तेवढे लांब स्टड, आणि थ्रॉटलची दांडी व बॉनेटची उंची तपासून. पंपाखालचा स्पेसर मात्र मनाने जाड करू नका. त्याच्या जाडीवर पंपाच्या आर्मचा स्ट्रोक ठरतो.

इलेक्ट्रिक पंप खरंच लागला तर कार्बोरेटरचा घ्या, २.५ ते ३.५ पीएसआय. इंजेक्शनचा पंप ४० पीएसआयच्या आसपास देतो, तो फ्लोटच्या नीडल व्हॉल्व्हला सरळ ढकलून उघडा ठेवेल. पंपाची जागा टाकीजवळ आणि टाकीच्या तळाच्या पातळीला किंवा खाली, कारण तो ढकलण्यात तरबेज आहे, ओढण्यात नाही. त्याच्या आधी गाळणी. वीज रिलेतून, फ्यूज पंपाच्या माहितीपत्रकात दिला असेल तो. रिलेचा ट्रिगर नुसत्या इग्निशनवरून घेऊ नका. ऑइल प्रेशर स्विचमधून किंवा कॉइलचे ठोके ओळखणाऱ्या रिलेवरून घ्या, सोबत धक्क्याने तुटणारा इनर्शिया स्विच. अपघातात पाइप तुटला आणि पंप चालूच राहिला तर काय होईल, ते लिहायला नको. मेकॅनिकल पंप ठेवून मागे इलेक्ट्रिक लावायचा असेल तर मेकॅनिकल पंपातला डायफ्रॅम (रबरी पडदा) नवा हवा; फाटका असेल तर इलेक्ट्रिक पंप इमानेइतबारे पेट्रोल सम्पमध्ये, म्हणजे इंजिन ऑइलच्या टाकीत, भरत राहतो.

आणि होज. जुनं रबर इथेनॉलने मऊ पडतं किंवा आतून सोलतं. नव्या होजवर ‘एसएई जे३० आर९’ छापलेलं बघा. हे बदलणं व्हेपर लॉक असो वा नसो, करायचंच आहे.

फावला_पाना

तपासलं. टाकीच्या झाकणातून आवाज नाही, झाकण उघडं ठेवूनही बंद पडली. बंद पडल्यावर थ्रॉटल उघडला तर पेट्रोलची धार चांगली येते. टेस्टरवर ठिणगी केशरी, ६ मिमीला येतच नाही, ३ मिमीला अधूनमधून.

बॅटरी १२.३ व्होल्ट. कॉइल प्लस ११.६. कॉइल मायनस ०.३५. थंड कॉइल १.५ ओम (पिनांचे वजा करून). कॉइलला हात लावता येत नाही इतकी गरम असते. कॉइलवर लेबल नाही, आधीच्या मालकाने बदललेली असावी. पॉइंटच्या एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला उंचवटा.

तेलकट_हात

सापडलं. ही बॅलास्टची (करंट आवरणाऱ्या बाहेरच्या रेझिस्टरची) कॉइल आहे आणि तुमच्या गाडीत बॅलास्ट नाही.

१.५ ओमची कॉइल बाहेरच्या साधारण १.५ ओमच्या रेझिस्टरसोबत चालवायची असते. दोन्ही मिळून ३ ओम, म्हणजे १२ व्होल्टला ४ अँपिअर. रेझिस्टर असता तर पॉइंट बंद असताना कॉइल प्लसला ६-७ व्होल्ट दिसले असते. तुम्हाला ११.६ दिसतात, म्हणजे जवळजवळ ८ अँपिअर वाहतात. पॉइंट बंद असतानाच्या क्षणांचा हिशेब केला तर कॉइलमध्ये २४ वॉटऐवजी ९० च्या घरात उष्णता, जवळपास चौपट. तापलेल्या वेटोळ्यांचं इन्शुलेशन आतल्या आत गळती द्यायला लागतं, थंड झालं की परत सावरतं. अर्ध्या तासाचं गूढ तेच. तोच जादा करंट पॉइंट जाळतो: मायनसला ०.३५ दिसतंय, ते ०.२ च्या आत हवं.

सगळ्यात सोपं: ३ ओमची साधी १२ व्होल्ट कॉइल. बॅलास्ट लावूनही भागतं, पण मग सेल्फ मारताना तो बायपास करणारी वेगळी वायर लागते. सेल्फच्या ओझ्याने बॅटरी १० व्होल्टला उतरली की बॅलास्टमधून कॉइलला पाचच मिळतात. तुमच्या गाडीत ती वायरच नाही, तर नवा पसारा कशाला?

बॅटरी ते कॉइल ०.७ व्होल्ट पडतायत. त्यातला बराचसा भाग जादा करंटमुळे आहे, ३ ओमवर तो ०.४ च्या आसपास येईल. तरी इग्निशन स्विच आणि फ्यूजच्या जोडण्या साफ करून घ्या.

पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही नवे. नव्या पॉइंटवर गंज न लागण्यासाठी तेलाचा थर असतो, तो पुसल्याशिवाय बसवू नका. गॅप कॅमच्या उंचवट्याच्या टोकावर मोजा, ०.४० मिमी बऱ्याच इंजिनांना चालतो, तरी मॅन्युअल बघा. फीलर गेजचं तेल राहिलं तर पॉइंट पुन्हा जळतात, म्हणून शेवटी कोऱ्या कार्डाची पट्टी मधून ओढा. फायबरच्या टाचेला ग्रीस मोहरीएवढंच. आतली बेस प्लेटची अर्थची बारीक वायरही बघा. व्हॅक्यूम ॲडव्हान्स (इंजिनाच्या ओढीने टायमिंग पुढे नेणारा भाग) प्लेट फिरवतो तशी ती वाकून वाकून आतून तुटते, वरून साबूत दिसते.

टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) गॅपनंतर. गॅप बदलला की टायमिंग सरकतं: वाढवला तर पुढे, कमी केला तर मागे. उलट क्रमाने केलंत तर दोनदा करावं लागेल.

डबल_क्लच

खात्री हवी असेल तर नवी कॉइल आधी नुसती बाजूला बांधून ठेवा. जुन्या कॉइलवर गाडी बंद पाडा, तिथेच तीन वायरी बदला. लगेच सुरू झाली तर वाद मिटला. आणि आता मॉड्यूलच टाका हो, पॉइंटवर कशाला वेळ घालवायचा.

तेलकट_हात

मॉड्यूलला विरोध नाही, वेळेला आहे. ४ सिलिंडरच्या साध्या मॉड्यूलना सहसा ३ ओमचीच कॉइल लागते, मॉड्यूलच्या माहितीपत्रकात किमान ओम दिलेले असतात. ठरल्याप्रमाणे मॉड्यूल आत्ताच्या कॉइलवर चढवलं असतं तर ते जळलं असतं आणि बोल मॉड्यूलला लागला असता. आधी नव्या कॉइलवर गाडी नीट चालू द्या. नंतर लाल वायर कॉइल प्लसला, काळी मायनसला (बहुतेक दोन वायरींच्या मॉड्यूलना असंच), पॉइंटचा कंडेन्सर काढून, आणि तांब्याच्या तारेऐवजी रेझिस्टन्सच्या प्लग केबल घालून. तांब्याच्या केबलच्या खरखरीने काही मॉड्यूल गोंधळतात. इंजिन बंद ठेवून इग्निशन चालू सोडायची सवय असेल तर पॉइंटच बरे. जुने पॉइंट डिकीत ठेवाच; मॉड्यूल रस्त्यात गेलं तर ते कानशीने घासून सुरू होत नाही.

डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट हाताने आडवा हलवून बघा. बुश झिजलेलं असेल तर पॉइंटचा गॅप प्रत्येक सिलिंडरला वेगळा पडतो. मॉड्यूल हा दोष झाकतं, बुश बरं करत नाही.

फावला_पाना

नवी कॉइल आणली, ३.१ ओम. वायरी बदलून पाहिल्या, बंद पडलेल्या जागेवर पहिल्या सेल्फला सुरू झाली. पण हिच्यावर प्लस-मायनस नाही, १५ आणि १ लिहिलंय. सध्या १५ ला इग्निशनची वायर दिली आहे. उलटी असती तर चाललीच नसती ना?

तेलकट_हात

उलटीही चालते, म्हणून तर वर्षानुवर्षं कळत नाही. १५ म्हणजे इग्निशनकडून येणारी, १ म्हणजे डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी. बरोबर लावलीत. उलटी लागली तर ठिणगी प्लगच्या मधल्या गरम इलेक्ट्रोडऐवजी बाजूच्या थंड पट्टीवरून निघते, तिला जास्त व्होल्टेज लागतं, आणि मिसिंग नेमकं चढावर, इंजिनावर ओझं आलं की येतं.

कॉइल ब्लॉकवरून काढून बॉडीच्या पत्र्यावर, एक्झॉस्टच्या विरुद्ध बाजूला नेता आली तर न्या. तेलाची असेल तर उभी बसवा. प्लगचा गॅप पॉइंट आहेत तोवर ०.६ ते ०.६५ मिमीच ठेवा.