रोमन वेदीवरचा मिथ्रास म्हणजे आपला वैदिक देव मित्र? मला पटत नाही

दगडवेडा: 'हॅड्रियनच्या भिंतीवर (ब्रिटनमधली रोमन सीमाभिंत) रोमन सैनिक वैदिक मित्राला पूजत होते' ही कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. त्याच भिंतीवरच्या कॅरोबर ठाण्याजवळच्या मिथ्रासच्या देवळातल्या तीन दगडी वेदी पाहा. तिन्ही वाहणारे रोमन सैन्यातल्या पहिल्या बटावियन (आजच्या नेदरलंड्सकडच्या) तुकडीचे प्रमुख, त्यातला हॅबिटस इटलीतल्या लारिनमचा. देव 'अजिंक्य मिथ्रास', बैल मारणारा. ऋग्वेदात 3.59 हे मित्राचं सूक्त, त्यात बैल दाखवा!

गिरगावकर: मग नाव काय आभाळातून पडलं? इ.स.पू. 14व्या शतकातल्या मितान्नींच्या (सीरियाकडचं प्राचीन राज्य) करारात मित्र-वरुण साक्षीला आहेत. आमच्या शेजारचे पारशी आजोबा अग्यारीला 'दर-ए-मेहेर'च म्हणायचे. मेहेर म्हणजे तोच इराणी मिथ्र.

दगडवेडा: नाव इराणी, मान्य. पण ती भुयारासारखी देवळं, दीक्षेच्या सात पायऱ्या, हे सगळं रोमन साम्राज्यातलं. नावावरून देव ठरवू नका.

माहेरवाशीण: तुम्ही दोघे नावातच अडकलात. तिन्ही वेदींच्या शेवटी व्ही.एस.एल.एम. ही लॅटिन आद्याक्षरं आहेत. अर्थ काय, तर नवस फेडला, खुशीने, देव त्याला पात्र म्हणून. माझ्या आजीने भावाच्या दुखण्यात नवस बोलला आणि पायी जाऊन फेडला. तो सैनिक मला परका वाटतच नाही. म्हणूनच राग येतो, की मूळ वेदी न्यूकॅसलच्या संग्रहालयात आणि देवळात नकला. वाहिलेलं परत उचलतात का?

दगडवेडा: विषय वेदींचा आहे, संग्रहालयाचा नाही. आणि ती जागा दलदलीची. 1949च्या कोरड्या उन्हाळ्यात जमीन खचली तेव्हा कुठे वेदींची डोकी दिसली. उघड्या पावसात अक्षरं किती टिकतील?

माहेरवाशीण: हेच आमच्या गावात ऐकलं! रस्ता रुंद करताना वीरगळ 'सुरक्षित' हलवला. आज तो एका गोदामामागे पालथा पडलाय. आई अजून रिकाम्या जागेवरच हळद-कुंकू वाहते.

गिरगावकर: ताईंचं खरं आहे. त्या तिघांतल्याच सिम्प्लेक्स या प्रमुखाच्या वेदीत देवाच्या डोक्यामागचे किरण आरपार कोरलेत, मागे दिवा ठेवला की ते उजळावेत म्हणून. तो उजेड त्या अंधाऱ्या देवळासाठी होता.

दगडवेडा: वीरगळाचं वाईट झालं, ते चूकच. दिव्याचंही मान्य करतो, नाइलाजाने. पण बैल अजून कुणी दाखवला नाही.