‘सर्वशक्तिमान’ आणि ‘अशक्य’

प्रश्न : ‘सर्वशक्तिमान’मधल्या ‘सर्व’ या पदात चौकोनी वर्तुळ काढणे येते का? येत नसेल, तर देवाला हे विशेषण कसे लावावे?

उत्तर : माझ्या मते ते येत नाही आणि त्यामुळे विशेषणाला बाधही येत नाही. ‘अशक्य’ हा एकच शब्द आपण दोन निराळ्या गोष्टींसाठी वापरतो, म्हणून घोटाळा होतो. ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या मुखातून वेद वदवले, ही घटना अघटित आहे. ती सृष्टिक्रमाविरुद्ध असली तरी तिचे वर्णन कळते, ती डोळ्यांपुढे उभी राहते. चौकोनी वर्तुळ हा मात्र वदतोव्याघात आहे. एक पद जे मांडते तेच दुसरे पुसते, त्यामुळे करण्याजोगे असे काही उरतच नाही. मायेला ‘अघटितघटनापटीयसी’ (न घडणारे घडवण्यात निपुण) म्हणतात ते पहिल्या अर्थाने. दुसऱ्या अर्थाविषयी अद्वैताचार्य गौडपादांनी माण्डूक्यकारिकेत (३.२८) स्पष्टच सांगितले आहे, की वंध्यापुत्र (वांझेचा मुलगा) खरोखर तर जन्मत नाहीच, पण मायेनेही जन्मत नाही. तेराव्या शतकात ख्रिस्ती धर्मचिंतक थॉमस अक्वायनसही याच निर्णयावर आला : अशी गोष्ट देव करू शकत नाही असे म्हणण्यापेक्षा ती होऊच शकत नाही असे म्हणणे अधिक योग्य.

शंका : पण फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६३० साली आपला मित्र मेर्सेन याला लिहिले, की राजा कायदे करतो तशी गणिताची सत्येही देवानेच ठरवली आणि वर्तुळाच्या त्रिज्या असमान ठेवण्यासही तो मोकळा होता. आपणही ईश्वराला ‘कर्तुमकर्तुमन्यथाकर्तुं समर्थ’ (करण्यास, न करण्यास व वेगळे करण्यास समर्थ) म्हणतोच की.

उत्तर : देवावर कोणतेही बंधन नको, ही देकार्तची तळमळ मला आदरणीय वाटते. तरीही व्याघात एकदा मान्य केला, की देव सर्वशक्तिमान असूनच शक्तिहीन आहे, हेही मान्य करावे लागते, आणि मग त्याची स्तुती व निंदा यांत भेद राहत नाही. आपण दिलेल्या वचनातली तिन्ही क्रियापदे कृतीविषयी आहेत, वस्तूच्या स्वरूपाविषयी नाहीत, हेही ध्यानात घ्यावे. ब्रह्मसूत्रभाष्यात (१.१.२) शंकराचार्य म्हणतात, की कर्म करता येते, न करता येते किंवा वेगळ्या रीतीने करता येते, वस्तू मात्र ‘अशी आहे’ किंवा ‘अशी नाही’ असा विकल्प स्वीकारत नाही.