करप्याचं औषध आणि इलेक्ट्रॉन ट्रान्सपोर्ट चेन: संबंध काय?

प्रश्न (अकरावी सायन्स, सावदा)

आमची केळी आहे. परवा पप्पांनी करप्यासाठी ॲझोक्सिस्ट्रोबिन आणलं. दुकानदार म्हणाला, याने बुरशीचा श्वास कोंडतो. इकडे कॉलेजात श्वसनाचाच धडा चालू आहे. इलेक्ट्रॉन पुढे देणाऱ्या प्रथिनांच्या साखळीतले (चेन) कॉम्प्लेक्स १ ते ४ पाठ झालेत, पण इलेक्ट्रॉन पुढे सरकल्याने एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) कसं बनतं ते कळत नाही. शिवाय एका एनएडीएचमागे क्लासचे सर ३ एटीपी सांगतात आणि एका पुस्तकात २.५ दिलंय. कोणतं धरू?

उत्तर (बीएस्सी ॲग्री, कृषी केंद्र, यावल)

ताई, दुकानदार खरं बोलला. हा श्वास पेशीच्या आतला.

एनएडीएच इलेक्ट्रॉन आणून कॉम्प्लेक्स १ ला देतो. तिथून युबिक्विनोन, कॉम्प्लेक्स ३, सायटोक्रोम सी, कॉम्प्लेक्स ४ आणि शेवटी ऑक्सिजन (युबिक्विनोन आणि सायटोक्रोम सी हे मधले वाहक). इलेक्ट्रॉनची ओढ ऑक्सिजनला सगळ्यांत जास्त, म्हणून तो शेवटी. त्याचं पाणी होतं. (कॉम्प्लेक्स २ वरून आलेले इलेक्ट्रॉन मधूनच युबिक्विनोनवर चढतात.) या वाटेवर सुटलेली ऊर्जा सरळ एटीपीत जात नाही, पोरं इथेच अडकतात. ती मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यापलीकडे प्रोटॉन ढकलण्यात खर्च होते. दोन इलेक्ट्रॉनांमागे कॉम्प्लेक्स १ वर ४, ३ वर ४, ४ वर २, झाले १०. ऊर्जा आधी प्रोटॉन ढकलण्यात जाते, ही कल्पना शास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी १९६१ साली मांडली तेव्हा कितीतरी शास्त्रज्ञ मधलं एखादं ऊर्जेचं रसायन शोधत होते. मिचेल यांना १९७८ चं नोबेल मिळालं.

तुमच्या ठिबकची मेन लाइन आठव. मोटर दाब तयार करते, आणि काम होतं ते पाणी बाहेर पडतं तिथे. इथे बाहेर पडायची जागा म्हणजे एटीपी सिंथेज, एटीपी बनवणारं एन्झाइम. प्रोटॉन त्यातून परत आत येताना त्याचा मधला भाग खरोखर फिरतो, आणि एका फेऱ्यात ३ एटीपी बनतात.

आता आमचं औषधांचं कपाट बघ. लाल कोळीचं फेनपायरोक्सिमेट कॉम्प्लेक्स १ अडवतं. तुमचं ॲझोक्सिस्ट्रोबिन कॉम्प्लेक्स ३. कपाशीवरच्या पांढऱ्या माशीला मारतो ते डायफेनथियुरॉन मोटरला हात लावत नाही, व्हॉल्व्हच बंद करतं, म्हणजे सिंथेज. दाब इतका चढतो की मागची सगळी चेन थांबते. क्लोरफेनापायर या कीटकनाशकाचं उलट. त्याने लाइन गळकी होते, मोटर जोरात चालते पण एटीपी बनत नाही, नुसती उष्णता.

पप्पांना एक सांग. करप्याचा बीजाणू पानावर रुजतो तेव्हा त्याला ऊर्जा खूप लागते, तेव्हाच हे औषध खरं लागू पडतं. पानावर शिरांना समांतर बारीक रेषा दिसायला लागल्या की लगेच मारा. पान वाळल्यावर मारलं तर पैसे गेले. आणि फवारताना तोंडाला मास्क हवाच. आपल्या पेशींतही हीच चेन चालते.

उत्तर (ज्युनिअर कॉलेज शिक्षक, धुळे)

३ की २.५ ते सांगतो. एका एटीपीमागे सिंथेजमधून साधारण ३ प्रोटॉन जातात, फॉस्फेट आत आणायला आणखी १. म्हणजे ४. दहाला चाराने भाग, २.५ आले. एफएडीएच२ हा दुसरा इलेक्ट्रॉन-वाहक, त्याचे इलेक्ट्रॉन कॉम्प्लेक्स १ वरून जात नाहीत, म्हणून ६ प्रोटॉन आणि १.५ एटीपी. या हिशोबाने एका ग्लुकोजचे ३० ते ३२ होतात. ३६-३८ हा जुना हिशोब. परीक्षेत तुझ्या बोर्डाच्या पुस्तकात असेल तेच लिही.

प्रतिसाद (शिरपूर)

बठ्ठं ध्यानमा उनं भाऊ. पण हाईच औषध मी घडी घडी मारं, तरी करपा थांबना नही. माल डुप्लिकेट व्हता का?

उत्तर (कृषी केंद्र, यावल)

दादा, माल अस्सल असला तरी असं होतं. कॉम्प्लेक्स ३ मधल्या सायटोक्रोम बी या प्रथिनात १४३ व्या जागी ग्लायसिन हे अमिनो आम्ल असतं. तिथे ॲलॅनिन हे दुसरं अमिनो आम्ल आलं की औषधाला बसायला जागाच उरत नाही. बुरशीत असे थोडे बीजाणू असतात. तुम्ही तेच ते मारलं की बाकीचे मरतात आणि हेच वाढतात. दुसरं स्ट्रोबिन (ॲझोक्सिस्ट्रोबिनच्याच गटातलं औषध) घेऊनही भागत नाही, तेही त्याच जागी बसतं. मधल्या फवारणीला मॅन्कोझेब घ्या, ते बुरशीवर एकाच वेळी अनेक ठिकाणी काम करतं. करपलेली पानं कापून बागेबाहेर काढा. तुम्ही मारलेल्या दोन-तीन बाटल्यांच्या लेबलचे फोटो टाका, त्यातली कोणकोणती एकाच गटातली आहेत ते सांगतो.