मडगावचा जुना ब्रिन्समीड पियानो: साल आणि किंमत कशी ठरवायची?

पल्लवी_कोथरूड

मडगावच्या एका जुन्या घरातला उभा पियानो विकायला आहे. नावाच्या पट्टीवर 'जॉन ब्रिन्समीड अँड सन्स, लंडन' असं लिहिलंय, खाली १८३६ साल आणि पदकांची यादी. त्यात शेवटचं पॅरिस १८७८. पुढच्या फळीवर पितळी मेणबत्तीदाण्या आहेत. सुरांच्या पट्ट्या ८५. वरचं झाकण उघडलं तर हॅमरच्या (तारेवर आपटणाऱ्या हातोड्यांच्या) पुढे बारीक तारांचा पिंजरा दिसतो. मालक म्हणतात, "१८३६ चा आहे, अँटीक आहे, एक लाख साठ हजारांच्या खाली देणार नाही." मुलगी आता पियानोच्या तिसऱ्या ग्रेडच्या परीक्षेची तयारी करते आहे, तिच्यासाठी हवा आहे. साल खरं कसं काढायचं आणि हा भाव योग्य आहे का?

पियानोमिस्त्री

१८३६ हे कंपनी सुरू झाल्याचं साल, वाद्याचं नव्हे. जॉन ब्रिन्समीड यांचा जन्म १८१४ चा. म्हणजे १८३६ मध्ये ते बावीस वर्षांचे होते. तेव्हा मुलं भागीदार असणं शक्यच नाही, आणि तुमच्या नावाच्या पट्टीवर तर 'अँड सन्स' (आणि मुलगे) आहे. मालक खोटं बोलत असतील असं नाही. नावाखालचं साल बघून निम्मी गिऱ्हाइकं हेच समजतात.

साल काढताना दोन टोकं पकडायची: याच्या आधीचा नाही, आणि याच्या नंतरचा नाही. पहिलं टोक तुमच्याकडे आहेच. पॅरिसच्या १८७८ च्या प्रदर्शनात ब्रिन्समीडना लिजन ऑफ ऑनर हा फ्रान्सचा सन्मान मिळाला, म्हणजे ही नावाची पट्टी त्यानंतरची. पण पदकं पुढे कित्येक वर्षं छापत राहतात, म्हणून दुसरं टोक आतून शोधावं लागतं.

वरचं झाकण उघडा, पुढची फळी काढा (आत दोन्ही बाजूंना लाकडी खिट्ट्या असतात). पट्ट्यांवरची आडवी फळी काढली की डावीकडची शेवटची पट्टी हलक्या हाताने उचलता येते. तिच्या बाजूला पट्ट्या बनवणाऱ्याने पेन्सिलीने नंबर किंवा तारीख लिहिलेली सापडते. पुढचे ट्यूनरही (सूर लावणारे कारागीर) तिथेच सही आणि तारीख टाकून जात. त्यातली सर्वांत जुनी तारीख हे तुमचं दुसरं टोक.

अनुक्रमांक तारांचा ताण पेलणाऱ्या बिडाच्या चौकटीवर, मागच्या लाकडाच्या वरच्या कडेला किंवा आतल्या बाजूला ठोकलेला असतो. इथे फसगत फार होते. बिडात ओतलेला नंबर साच्याचा असतो, हॅमरच्या यंत्रणेवरचा नंबर यंत्रणा बनवणाऱ्या वेगळ्या कारखान्याचा असतो, आणि 'पेटंट' शब्दाजवळचा नंबर पेटंटचा. खरा अनुक्रमांक मिळाला तर 'पिअर्स पियानो अॅटलास' या संदर्भपुस्तकात कंपनीनिहाय तक्ते आहेत. एखाद-दोन वर्षांचा फरक धरून चाला.

मेणबत्तीदाण्या आणि ८५ पट्ट्या यांवरून नेमकं साल कळत नाही. दोन्ही गोष्टी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चालू होत्या.

घाटरस्ता

सालापेक्षा तो पिंजरा महत्त्वाचा आहे. त्याला ओव्हर-डॅम्पर यंत्रणा म्हणतात. डॅम्पर (तारेला टेकून सूर थांबवणाऱ्या गाद्या) हॅमरच्या वर, तारेच्या टोकाजवळ बसतात. तिथे तार कमी हलते, त्यामुळे पट्टी सोडली तरी सूर रेंगाळतो, मंद्रात तर जास्तच. नंतरच्या पियानोंत डॅम्पर हॅमरच्या खाली, तारेच्या मधल्या भागाकडे असतात. तिथे सूर लगेच थांबतो. ग्रेडच्या परीक्षेत स्टकॅटो (तोडून वाजवलेले सूर) आणि पेडल नीट ऐकलं जातं. या वाद्यावर मुलीला तो फरकच शिकता येणार नाही. शिवाय पिंजरा मधे येतो म्हणून ट्यूनरला शेजारच्या तारा दाबून धरायची पाचर लावायला जागा नसते, बरेच जण असं काम घेतच नाहीत.

आता चार तपासण्या करा आणि इथे लिहा.

पहिली: फोनवर सूर मोजणारं कुठलंही फुकट अॅप घ्या, मधली पांढरी सहा (इंग्रजीत ए) वाजवा. ४४० हर्ट्झ हवी. ४१५ च्या आसपास असेल तर पूर्ण अर्धा स्वर उतरलेला, म्हणजे काळी चारची जागा. व्हायोलिनबरोबर वाजणार नाही.

दुसरी: सूर सगळीकडे सारखा उतरलाय की कुठेतरी ढेपाळलाय? सारखा उतरला असेल तर नुसतं ट्यूनिंगकडे दुर्लक्ष झालेलं. मधल्या सप्तकांत एका पट्टीला तीन तारा असतात. त्या तिघी वेगवेगळ्या बोलत असतील तर ट्यूनिंगच्या पिना (ज्यांवर तारा गुंडाळतात त्या) लाकडात सैल आहेत.

तिसरी: पिनेवर तारेचे वेढे आणि मागचं लाकूड यांत तीन-चार मिलिमीटर मोकळी जागा हवी. वेढे टेकलेले असतील तर कुणीतरी पिना आधीच ठोकून घट्ट केल्या आहेत, आता ठोकायला जागा उरलेली नाही. पिनेभोवती काळपट डाग दिसला तर सैल पिना घट्ट करायला भोकात रसायन सोडलेलं आहे.

चौथी: खालची फळी काढून पेडलची दांडी आणि तळाचं लाकूड स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. वाळवी तिथून चढते. हॅमरच्या नमद्याला कसर लागली आहे का तेही पाहा. पट्ट्यांतल्या शिशाच्या गोळ्यांवर पांढरी भुकटी धरली असेल तर शिसं फुगून पट्ट्या एकमेकींना घासतात आणि पावसाळ्यात अडकतात.

पियानोमिस्त्री

एक भर. पांढऱ्या पट्ट्यांवर काय आहे ते बघा. काळ्या पट्टीच्या पुढच्या टोकाशी आडवा बारीक सांधा आणि आत अनियमित, लाकडासारख्या रेषा असतील तर हस्तिदंत. सांधा नसेल किंवा रेषा शाईने आखल्यासारख्या एकसमान असतील तर सेल्युलॉइड (जुन्या काळचं प्लास्टिक). तापवलेली सुई टोचून पाहण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, सेल्युलॉइड भडकन पेटतं. आणि हस्तिदंत निघालं तर प्रकरण कायद्याचं होतं: वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या १९९१ च्या दुरुस्तीनंतर भारतात आयात हस्तिदंताचाही व्यापार बंद आहे. पैसे देण्याआधी वकिलाकडून किंवा वनविभागाकडून लेखी उत्तर घ्या.

पल्लवी_कोथरूड

तपासलं. डावीकडच्या पट्टीवर ट्यूनरच्या सह्या आहेत, सर्वांत जुनी १९०४ ची. पांढरी सहा ४१८ येते. मधल्या दोन सप्तकांत तीन तारा तीन सूर बोलतात. बऱ्याच पिनांचे वेढे लाकडाला टेकलेत. वाळवी नाही, लाकूड सागवानासारखं भरीव, सांध्यांना पितळी स्क्रू. पट्ट्यांवर सांधा आहे आणि रेषा अनियमित आहेत.

घाटरस्ता

म्हणजे १८७८ ते १९०४ च्या मधला. भरीव लाकूड आणि पितळी स्क्रू ही उष्ण देशांसाठी केलेल्या वाद्यांची खूण. दमट हवेत सरसाने चिकटवलेलं व्हिनियर (लाकडाचा पातळ थर) सुटतं म्हणून तसं करत. पेटी चांगली टिकली आहे ती त्यामुळेच. पण पिनांची फळी (पिना ज्यात रुतलेल्या असतात ते लाकूड) गेली आहे. दुरुस्ती म्हणजे दोनशेच्या वर तारा उतरवायच्या, एक नंबर जाड पिना बसवायच्या, नव्या तारा चढवायच्या. एवढं करूनही यंत्रणा पिंजऱ्याचीच राहणार. नुसता सूर ४४० ला चढवायचा म्हटलं तर गंजक्या तारा तुटतील आणि सैल पिना आठवड्यात परत उतरतील.

त्यात मडगावच्या दमट हवेतून तो पुण्याच्या मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत येणार. लाकूड आकसतं, पिना आणखी सैल होतात, साउंडबोर्डला (तारांचा आवाज मोठा करणाऱ्या मागच्या फळीला) तडे जातात.

किंमत करताना वय मोजू नका. त्याच पैशांत मिळणारा चांगला वापरलेला जपानी उभा पियानो समोर ठेवा. मग या वाद्याला त्या दर्जाला आणायचा खर्च, दोनशे किलोच्या वरचं ओझं घाटातून आणण्याचं भाडं आणि पहिल्या वर्षीची तीन-चार ट्यूनिंग वजा करा. इथे उत्तर शून्याखाली जातं. एक लाख साठ हजार सोडाच, वाजवण्यासाठी म्हणून हा फुकटातही महाग आहे. जुना पियानो दुर्मिळ असतो असं वाटतं, पण इंग्लंडात असे उभे पियानो लाखांनी बनले.

पियानोमिस्त्री

सहमत. फर्निचर म्हणूनही नको, कारण हस्तिदंत. मालकांना तेवढं नक्की सांगा, त्यांनाही माहीत नसेल.

पुढचा जुना पियानो बघायला जाण्याआधी फोनवरच तीन फोटो मागवा: वरचं झाकण उघडून हॅमर, खालची फळी काढून तारा, आणि पिनांचा जवळून. मंद्राच्या तारा बाकीच्या तारांवरून तिरक्या गेलेल्या हव्यात, हॅमरपुढे पिंजरा नको, आणि बिडाची चौकट पिनांच्या फळीवरून थेट वरपर्यंत गेलेली हवी. चौकट फळीच्या खालीच थांबत असेल तर सगळा ताण उघड्या लाकडावर येतो. या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच ट्यूनरला पैसे देऊन सोबत न्या, आणि पिना त्याच्या किल्लीने फिरवून घ्या. आणलेला पियानो तीन-चार आठवडे खोलीत तसाच राहू द्या, मगच पहिलं ट्यूनिंग. बाहेरच्या भिंतीला किंवा एसीच्या झोताखाली ठेवू नका.