द थिंग (१९८२): एवढं सगळं दाखवल्यावर भीती कशाची उरते?

रात्रपाळी: काल जॉन कारपेंटरचा द थिंग परत बघितला. अंटार्क्टिकातला तळ, १२ माणसं, बर्फातून पळत आलेलं एक कुत्रं आणि कुणाचंही हुबेहूब रूप घेणारं परग्रहावरचं काहीतरी. आता माझं मत, शिव्या घाला. तो कुत्रा पॅसेजमधून एकटाच चालत एका खोलीत शिरतो आणि भिंतीवर नुसती माणसाची सावली दिसते, तिथे माझी टरकली. पण नंतर स्पेशल इफेक्ट्सवाल्या रॉब बोटिननी रबर आणि चिकट पाक ओतून जो पसारा मांडलाय तो बघून काम भारी केलंय राव एवढंच वाटतं. कॉस्मिक हॉरर म्हणजे जे डोक्यात मावत नाही ते, ते भगभगीत उजेडात आणून मांडलं की खाटकाचं दुकान झालं.

कोकम_सरबत: मावत नाही म्हणजे अंधारात लपवायचं असं कुठे लिहिलंय? त्याला स्वतःचा आकारच नाहीये, मुद्दा तोच आहे ना. छातीला शॉक देताना छातीच उघडून जबडा होतो, डॉक्टरचे दोन्ही हात कोपराखालून गायब, मग मुंडकं मानेपासून ताणत ताणत खाली उतरतं, त्याला खेकड्यासारखे पाय फुटतात आणि ते गपचूप सटकायला बघतं. कळलं कळलं म्हणेपर्यंत दुसरंच काहीतरी. बघितल्यावर त्याचं चित्र काढून दाखव, जमणार नाही.

फुकटचा_सल्ला: त्या हातांच्या शॉटसाठी खरोखर दोन्ही हात नसलेला माणूस शोधला होता, त्याला डॉक्टरचा मुखवटा आणि खोटे हात लावले. बोटिन तेव्हा २२-२३ वर्षांचा, वर्षभर सुट्टी न घेता काम करून शेवटी दवाखान्यात ॲडमिट झाला. कुत्र्याच्या पिंजऱ्यातला प्राणी म्हणूनच स्टॅन विन्स्टन या दुसऱ्या इफेक्ट्सवाल्याच्या टीमनी केला.

रात्रपाळी: मेहनतीला सलामच आहे पण मेहनत वेगळी आणि भीती वेगळी. सगळ्यात भारी सीन कुठला? रक्ताच्या टेस्टचा. कोण खरा माणूस ते कळायला बशीतलं रक्त आणि त्यात बुडवायची तापवलेली तार, बास. तिथे श्वास अडकतो.

कोकम_सरबत: अरे पण का अडकतो!! मघाशी मुंडक्याला पाय फुटलेले बघितलेत म्हणून. त्याच मुंडक्यावरून हिरोला, मॅकरेडीला सुचतं की तुकडा न् तुकडा स्वतंत्र जीव आहे, म्हणजे रक्तसुद्धा. तो सीन काढ, मग तार बुडवताना तू चहा ढवळल्यासारखा बघत बसशील.

झोपमोड: २०११ चा प्रीक्वेल, म्हणजे याच्या आधीची गोष्ट सांगणारा सिनेमा, बघा, म्हणजे कळेल. तिथेही खरे पुतळे बनवले होते आणि नंतर त्यांच्यावर सीजी (कॉम्प्युटर ग्राफिक्स) फासलं. एकदा बघितला, काही म्हणजे काही आठवत नाही. हा मात्र जेवताना लावला होता, रस्साभात तसाच राहिला.

रात्रपाळी: @कोकम_सरबत मुंडक्याचं पटलं, ते मागे घेतो. पण शेवटी तळावरच्या ब्लेअरचा जो राक्षस निघतो तो बघ. स्टॉप मोशनचे (पुतळा थोडा थोडा हलवून एकेक फ्रेम घेतलेले) शॉट जुळत नाहीत म्हणून कारपेंटरनी बरेचसे कापले, जे उरलंय ते नुसतं मोठं आहे.

कोकम_सरबत: हो तो फुसका आहे. तिथे भांडत नाही.