मदत हवी आहे : मशीद परिचयाला शेजारीच येत नाहीत

नवखा_सचिव : आमच्या जमातीने 'मशीद परिचय' ठेवला होता, म्हणजे इतर धर्मांच्या शेजाऱ्यांना बोलावून मशीद आतून दाखवायची. आली ती सगळी आमचीच माणसं. बॅनर लावला, सोसायट्यांच्या ग्रुपवर पत्रिका टाकली, तरी हे. येत्या रविवारी परत आहे. शेजारच्यांना कसं आणायचं? लवकर सांगा, नाश्त्याची ऑर्डरसुद्धा गेली.

पेठकाकू : गाव कुठलं? वेळ काय? बायकांना आत येऊ देणार का?

नवखा_सचिव : असर (दुपारनंतरची नमाज) आणि मगरिब (सूर्यास्ताची नमाज) यांच्या मधली वेळ. बायका येणारच की, हे काय लिहायचं?

पेठकाकू : लिहायचंच! अशाच एका आमंत्रणाला आमच्या इमारतीतल्या बायका याच शंकेने गेल्या नाहीत. डोक्यावर काय घ्यायचं, पाळी असली तर चालेल का, हे आम्ही कोणाला विचारणार?

नांदेडकर : भाषणं बंद, पंगत सुरू. आमच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात लंगरला कोणी धर्म विचारत नाही. मांडीला मांडी लावून जेवलं की ओळख होते.

वाळवेकर : आमच्या वाळवा तालुक्यात (सांगली) गोटखिंडीला गणपती मशिदीतच बसतो. बकरी ईद गणेशोत्सवात आली तेव्हा कुर्बानी न देता नुसती नमाज पढली लोकांनी. तुम्हीही बसवा.

जुना_वाचक : ती गावाची मुरलेली रीत आहे, रविवारपर्यंत कशी उभी करणार? त्यापेक्षा पुण्यात शनिवार पेठेतलं स्नेहसदन बघून या. जेझुइट संघाचे ख्रिस्ती धर्मगुरू फादर लेदर्ले मूळचे जर्मन, पण महाराष्ट्राच्या विचारपरंपरेचा अभ्यास केला आणि भर पेठेत धर्माधर्मांतल्या संवादाचं केंद्र उभं केलं. आधी समोरच्याचं समजून घ्या.

वाळवेकर : अभ्यासाने शेजारी येतो होय? शेजारी हाकेला येतो.

नियमवाला : रात्री १० नंतर लाऊडस्पीकर चालणार नाही. पोलीस परवानगी काढली का?

नवखा_सचिव : लाऊडस्पीकरचा विषयच नाही हो! वक्ते चार आहेत, हॉलमध्येच बोलणार.

पेठकाकू : चार?? एकच ठेवा. वजूची म्हणजे नमाजाआधी हात-पाय धुवायची जागा, मिहराब (नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा), मिंबर (प्रवचनाचं व्यासपीठ) फिरून दाखवा, अजानचा अर्थ मराठीत सांगा आणि राहिलेला वेळ प्रश्नांना द्या. आणि घरोघरी जा. तुमच्या घरातल्या बायकांना बरोबर न्या, त्यांनी बोलावलं तर आमच्या येतील.

खवय्या : शिरखुर्मा आहे का? खारीक आदल्या रात्री भिजवा.

नवखा_सचिव : काकू, पाळीचं इमामसाहेबांना विचारून पत्रिकेत घालतो. घरोघरी उद्यापासून जातो. पण तिघा वक्त्यांना आता नाही कसं म्हणू? एक तर आमचे विश्वस्तच आहेत.